पंचमीला मुराळी मीच गेले

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. धर्मापुरीत माझी पिठाची गिरणी आहे. पट्टा फिरायला लागला की समोर उभ्या बाईलासुद्धा ओरडून विचारावं लागतं, अगं, ज्वारी हाय का गहू? संसाराची सगळी वर्षं त्या आवाजात गेली. नवरा म्हणतो, तू कानात सांगितलेली गोष्ट परळीला ऐकू जाते. तर अशा बाईवर एकदा गुपचूप काहीतरी विचारायची वेळ आली, त्याची ही गोष्ट. आठवली की आजही मी पट्टा बंद करून समोर येईल तिला सांगत बसते.

आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. नागपंचमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बायका भावाचा उपास धरतात. आम्ही दोघी तो एकमेकींसाठी धरायचो. आई म्हणायची, "असं कुटं असतंय व्हय?" त्यावर धाकटी म्हणायची, "मंग कुणासाठी धरू, म्हशीसाठी?" अशी तिची जीभ. पटकन बोलणार, खळखळून हसणार. मला गावातच दिली, ती मात्र शिकली. अंबाजोगाईला वसतिगृहात राहून नर्सिंग केलं आणि तिथल्याच एका दवाखान्यात कामाला लागली. मग तेलगावकडचं स्थळ आलं. ऊस, कापूस, पक्कं घर, मुलगा हसतमुख. लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत तिनं नोकरी सोडली. जावई म्हणाले, माझ्या राणीनं लोकांना इंजेक्शनं कशाला टोचत बसायची? आम्हाला काय कौतुक वाटलं!

पंचमीला लेकीला सासरहून आणायला माहेरचं जे माणूस जातं, त्याला मुराळी म्हणतात. मुराळ्याला रिकाम्या हातानं, म्हणजे लेकीशिवाय, परत धाडायचं नसतं. आमचा मुराळी म्हणजे चुलतभाऊ. तो जीप घेऊन दर श्रावणात तेलगावकडं जायचा आणि दर श्रावणात एकटाच परत यायचा. पण काय थाटात यायचा! पोट तट्ट भरलेलं, खांद्यावर टॉवेल, आईसाठी भारीतलं लुगडं. जावयांनी हात जोडून सांगितलेलं असायचं, "राग मानू नका, तिच्याबिगर मला करमतच न्हाई." ते लुगडं आई गल्लीभर दाखवायची. "बघा गं, जावई माझ्या लेकीला एक दिवस नजरेआड करत न्हाई." बाया हळहळायच्या, आमच्या नशिबी कुठं असला नवरा! चूक असावी तर अशी. लेक माहेरी येत नव्हती आणि आम्ही लुगड्याची घडी मोडून मिरवत होतो.

फोनवरही तसंच. धाकटीला फोन लावला की तो स्पीकरवर असायचा. "बोला बोला, आमी दोघं बी ऐकतोय," असं जावई म्हणायचे. आम्ही म्हणायचो, किती खेळीमेळीचं घर!

मला पहिल्यांदा खटकलं ते तेलगावच्या एका लग्नात. नात्यातलंच लग्न होतं. मांडवात मी तिच्यासमोर चहाचा ट्रे धरला आणि म्हणलं, "घेतीस का गं?" आता ह्या प्रश्नात काय आहे? हो म्हणायचं नाहीतर नको म्हणायचं. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. मान वळवून पुरुषांच्या पंगतीत नवऱ्याला शोधलं. त्यानं किंचित मान हलवली. मग तिनं कप उचलला.

मांडवातून परत येताना जीपमध्ये मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "नवऱ्याचा मान ठेवती, तुझ्यासारखी न्हाई ती." चुलतभाऊ फिदीफिदी हसला. मी त्याला म्हणलं, गप गाडी चालव बे. पण काय झालंय ते नीट सांगता येईना. अंगावर वळ नाही, डोळा सुजलेला नाही, गळ्यात सोनं, अंगावर चांगली साडी. तक्रार करायची तर कशाची, चहाची?

ती चहाची गोष्ट डोक्यातून जाईना. मग एक दिवस आमच्या बचत गटाच्या बैठकीला सरकारी संरक्षण अधिकारी बाई आल्या. घरात बाईचा छळ होत असेल तर तिनं ज्यांच्याकडं जायचं, त्या ह्या. साध्याच होत्या, चष्मा आणि कापडी पिशवी. त्यांनी विचारलं, तुमच्या ओळखीत कुणाला घरी मारहाण होते का? आपल्या गावात कोण हात वर करतंय? घरोघरी मातीच्या चुली. मग त्या म्हणाल्या, बरं, मारहाण सोडा. अशी कुणी आहे का, जिला माहेरी जाऊ देत नाहीत, एकटीला फोनवर बोलू देत नाहीत, जिची नोकरी सुटली, जिला हातात पैसा नाही, जी काहीही करायच्या आधी नवऱ्याकडं बघते?

मी उठून उभीच राहिले. "चहा!" असं ओरडले.

बायांना वाटलं, मला चहा पाहिजे. एकजण किटली घेऊन आली. मी म्हणलं, अगं बाई, ते न्हाई, बस खाली! आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. मुराळी, लुगडं, स्पीकर, तो मांडवातला ट्रे. अधिकारी बाई ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, ह्यालाही छळच म्हणतात. कायद्यातसुद्धा."

काय सांगू, त्या क्षणाला मला रडू यायच्या ऐवजी हुरूपच आला. कारण इतके दिवस जे दिसत होतं पण ज्याला नाव नव्हतं, त्याला नाव मिळालं! पदर खोचून म्हणलं, आत्ता जाते, चार बाया घेते, त्याच्या दारात उभी राहून असा पाणउतारा करते की गाव बघत राहील.

"आणि मग?" बाईंनी विचारलं. "तुम्ही घरी याल. तो लोकांसमोर हसेल, दार लावील आणि सगळं तिच्यावर काढील."

मी खोचलेला पदर सोडला. पुढं त्या जे बोलल्या ते अजून माझ्या कानात आहे. तिला 'निघून ये' म्हणू नका आणि 'सहन कर' तर अजिबातच म्हणू नका. तिच्या वतीनं सगळं तोच ठरवतो ना? मग आता तुम्ही ठरवायला लागू नका. तिला एकटीला गाठा. घराचं दार उघडं आहे एवढं सांगा आणि विचारा. ती नाही म्हणाली तर रागावू नका, पुन्हा जा, पुन्हा विचारा. पहिल्यांदा नाहीच म्हणतात पुष्कळजणी. आणि जायच्या आधी मला कळवा, त्या भागातल्या पोलीस ठाण्याला मी सांगून ठेवते.

सगळं पटलं. पण एकटीला गाठायची कुठं? तो तर तिची सावली बी सोडत नव्हता.

आधी आईला पटवायचं होतं. आई म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. उगं दुसऱ्याच्या घरात काडी टाकू नको." मी वाद घातला नाही. माझ्या स्वभावाला हे किती जड गेलं ते माझं मला माहीत. फक्त म्हणलं, तू तिला फोन लाव, साधं बोल, आणि तिच्या बोलण्याच्या आधी काय होतंय तेवढं ऐक. आईनं गिरणीमागच्या आपल्या घराच्या ओट्यावर बसून फोन लावला. "जेवलीस का?" थोडा वेळ काहीच नाही. मग मागून बारीक खाकरणं. मग धाकटी म्हणाली, "जेवले." "डोकं दुखायचं राहिलं का?" पुन्हा गप्प, पुन्हा खाकरणं. "राहिलं." "पंचमीला येतीस का बाळा?" ह्या वेळी तिचा आवाजच आला नाही. जावईच बोलले, "कुठं आई, हितं लई कामं हायेत. लुगडं पाठवतो की."

आईनं फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "ती माझ्याशी बोलतच न्हवती गं."

आणि मग माझी तीच भित्री आई, सरकारी माणूस दिसलं की पदर पुढं ओढणारी, अशी काही भडकली की मीच घाबरले. आत गेली, ट्रंकेतून ती सगळी लुगडी काढली आणि म्हशीच्या गोठ्यात नेऊन टाकली. परत आली ती घामाघूम. म्हणाली, "वारूळ."

"काय वारूळ?"

"पंचमीला बाया वारुळाला जात्यात. तिथं गडी माणूस येत न्हाई. तिच्या गावात बी येत नसंल."

मी आईच्या गालाचा मुकाच घेतला. इतकी वर्षं गिरणी चालवून माझ्या डोक्यात जे आलं नाही ते हिनं एका दमात सांगितलं! खरंच की. पंचमीच्या दिवशी गावच्या बाया लाह्या आणि दूध घेऊन शिवारातल्या वारुळाला जातात, पूजा करतात, फेर धरतात, फुगड्या खेळतात. पुरुष लांब बांधावर थांबतात. मधे शिरला तर बाया त्याची अशी टर उडवतात की वर्षभर तोंड वर काढता येत नाही.

चुलतभावाला सांगितलं, यंदा मुराळी तू नाहीस, तू ड्रायव्हर. मुराळी मी. तो म्हणाला, "बाई कधी मुराळी असती व्हय?" मी म्हणलं, "माझा उपास कोण धरतं? ती. मंग आणायला कोण जाणार?" त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला. नंतर हळूच म्हणाला, "ताई, मी तिथं एवढा जेवलो गं दरवर्षी." त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. मी म्हणलं, यंदा डबा घरून ने.

अधिकारी बाईंना कळवलं. पंचमीला निघालो. मी, आई आणि जीप. रस्त्यानं झाडाझाडाला झोके बांधलेले, पोरींच्या हाताला मेंदी, हिरव्या बांगड्या. आई वाटभर पुटपुटत होती आणि मी तिला गप करत होते, म्हणजे ओरडतच होते. छाती अशी धडधडत होती की वाटलं गिरणीचा पट्टा आतच फिरतोय.

आम्ही तिच्या घरी गेलोच नाही. थेट शिवारात उतरलो. बाया फेर धरून होत्या आणि त्यांच्यात धाकटी उभी. वाळलेली. हिरवी साडी, हातभर बांगड्या, टाळ्या वाजवत होती पण तोंड हलत नव्हतं. लांब बांधावर बाकी गडी पारावर बसल्यासारखे गप्पा मारत बसलेले आणि आमचे जावई तेवढे उभे. नजर तिच्यावर.

आम्हाला बघून धाकटीचा चेहरा फुलला आणि लगेच बांधाकडं वळला. तेवढ्यात मी तिचा हात धरला. "चल, फुगडी!"

"आक्का, तुझे गुडघे..."

"गुडघे गेले खड्ड्यात!"

हाताची अढी घातली, पाय जुळवले, अंग मागं टाकलं आणि सुरू झालो. आता माझं वजन काही लपण्यासारखं नाही. बाया लागल्या ओरडायला, "गिरणी फिरली, गिरणी फिरली!" कुणीतरी माझा धंदा सांगितला असणार, म्हणजे आईनंच. टाळ्या, फू फू, आरडाओरडा. फुगडीत तिसरं माणूस शिरत नाही आणि त्या गोंधळात माझा आवाजसुद्धा कुणाला ऐकू जात नव्हता. जन्मात पहिल्यांदा!

"घरी येतीस का?" मी विचारलं. "एकटी. दार उघडं हाय. तू म्हणशील तसं."

तिनं सवयीनं मान वळवली. नवऱ्याला शोधायला. पण आम्ही गरागरा फिरत होतो. बांध आला, गेला. लिंब आला, गेला. नवरा आला, गेला. कुठंच नजर ठरेना. तिला स्थिर दिसत होतं ते एकच, माझं तोंड. घामानं डबडबलेलं, कुंकू पसरलेलं, लाल.

"हात सोडू नको," ती म्हणाली.

"न्हाई सोडत!"

"येते." आणि पुन्हा, जोरात, "आक्का, येते. नुसती पंचमीपुरती न्हवं. येते!"

मी फुगडी थांबवली का आम्ही दोघी पडलो, आठवत नाही. ढेकळात बसलो होतो आणि दोघी हसत होतो. तिचं ते खळखळून हसणं किती तरी वर्षांनी ऐकलं.

ते बांधावर ऐकू गेलं. जावई चालत आले. चेहऱ्यावर तेच गोड हसू. गोगलगाय अन् पोटात पाय. आईला वाकून नमस्कार केला. "यायचं तर कळवायचं न्हाई का? काय, माहेरी न्यायला आलात? न्या की. मी बी येतो. एकटी कशी राहील ती? चला, मी कपडे घेऊन येतो दोघांचे."

भांडायला आला असता तर मी पुरून उरले असते. पण 'मी बी येतो' ह्याला काय उत्तर द्यायचं? लोकांत हे मायाळूच दिसणार. धाकटीची मान हळूहळू खाली गेली. झालं, मला वाटलं, हातातोंडाशी आलेला घास गेला.

तेव्हा वारुळापाशी बसलेली एक म्हातारी उठली. धाकटीची सासू. ती आजवर आमच्याशी दोन शब्दसुद्धा बोललेली नव्हती. तिनं लाह्यांची टोपली खाली ठेवली आणि लेकाला म्हणाली, "मुराळ्यासंगं नवरा जात असतोय व्हय रं कुटं? आँ? मेंदी लावून झोक्यावर बसणार का तू?"

अख्खा फेर हसला. एकजण म्हणाली, त्याला बांगड्या भरा गं! दुसरी म्हणाली, त्याला बी फुगडीत घ्या! जावयांचं हसू होतं तिथंच राहिलं, पण कान लाल झाले. बांधावरचे गडीसुद्धा हसायला लागले होते. जावयांनी धाकटीकडं बघितलं, डोळे बारीक करून. ही नजर मी पहिल्यांदाच बघितली आणि तिनं ती कशी सोसली असेल ते कळलं. "तू सांग," ते म्हणाले, "येऊ का नको?"

मला ओरडायचं होतं, नको! जीभ दातांत धरली. खरोखर चावली, रक्ताची चव आली. तिच्या वतीनं ठरवू नका, बाईंनी सांगितलं होतं.

धाकटी वारुळाकडं बघत म्हणाली, "तुमी नका येऊ."

आवाज बारीक होता. पण ऐकला सगळ्यांनी. ती तशीच, अंगावरच्या साडीनिशी, जीपकडं चालायला लागली. सासूनं तिच्या ओटीत मूठभर लाह्या टाकल्या. "जा," म्हणाली. "मला न्यायला कोण आलंच न्हाई." आई तिच्या पाया पडली. विहीणबाईच्या एवढ्या मनापासून पाया पडणारी माझी आई पहिलीच असेल.

पुढचं सगळं सोपं झालं असं नाही. तो आला, रडला, पाया पडला, मग धमक्या दिल्या. तिची सर्टिफिकेटं त्याच्या कपाटात होती, ती अधिकारी बाईंनी सोडवली. कोर्टाच्या चकरा चालू आहेत. नात्यातले काहीजण अजून आमच्याशी बोलत नाहीत. धाकटी थोडं थोडं सांगते. हात त्यानं एकदाच उचलला होता, म्हणाली, नंतर उचलायची गरजच पडली नाही. हे ऐकून मी गिरणी बंद करून बसले होते दिवसभर. पण आता ती पुन्हा अंबाजोगाईच्या दवाखान्यात जाते, एसटीनं, एकटी.

मला मात्र सांगायची आहे ती त्या पंचमीची संध्याकाळ. घरी पोचलो. धाकटी ओट्यावर बसली. आईनं पातेलं हातात घेतलं आणि नेहमीसारखं विचारलं, "चहा ठेवू का गं तुला?"

धाकटीची मान वळली. दाराकडं. तिथं कुणी नव्हतं, नुसती म्हैस रवंथ करत होती. मान तशीच राहिली. आई पातेलं धरून उभी, मी खांबाला टेकून उभी, चुलतभाऊ दारात. हो म्हण बाई, नको म्हण, काहीतरी म्हण, असं माझ्या मनात चाललं होतं. पण गप्प राहिले. देवाशपथ, गप्प राहिले.

मग तिनं मान सरळ केली. आमच्याकडं बघितलं.

"चहा नको," म्हणाली. "मला चहा आवडत न्हाई. होस्टेलला मी कॉफी प्यायचे. कॉफी पायजे मला."

आमच्या घरात कॉफी कुठली! मी तशीच अनवाणी दुकानाकडं पळाले, गुडघे विसरून, भर गल्लीतून ओरडत. कॉफी हाय का, कॉफी! दुकानदार कानावर हात ठेवून म्हणाला, "हाय की, पुडी हाय. पण वहिनी, एवढं बोंबलायला काय झालं?"

"अरे," मी म्हणलं, "माझ्या बहिणीला कॉफी पायजे!"